बाजाराच्या दिवशीचा चिंचोका

रविवार उजाडला, की गीताबाईच्या घरातला पाण्याचा माठ बायकांपुरता बंद व्हायचा. पुरुषांनी प्यावं, पोरासोरांनी प्यावं, दारातल्या गाईनं बादलीभर ओढावं. पण जी बाई बाजारात बसायला जाणार, तिनं सकाळच्या चहाच्या दोन घोटांवर तोंड मिटायचं ते दिवेलागणीलाच उघडायचं. हा कायदा गीताबाईच्या सासूनं घातला होता. गीताबाईनं तो जन्मभर पाळला आणि गुडघे गेल्यावर सुनेच्या, जयमालेच्या हवाली केला.

पाळणं सोपं जावं म्हणून चिंचोका. भिंतीतल्या देवळीत वाटीभर भाजून सोललेले चिंचोके ठेवलेले असत. निघताना सासूनं सुनेच्या तळहातावर एक ठेवायचा, सुनेनं तो गालात धरायचा. चिंचोका लवकर विरत नाही, कोणी गिळत नाही, तोंडाला तेवढं पाणी सुटत राहतं. त्या पाण्यावर मिरचीच्या खकाण्यात अख्खा दिवस काढायचा.

त्या रविवारी जयमाला मिरचीची पोती दारात लावून माठाशी आली. डोळे लाल, ओठ सुकलेले.

“आत्याबाई, अर्धा गिलास पेते. रातपासून आंग तपून राह्यलं.”

“पे न. मी काय माठाले कुलूप लावलं?” गीताबाई उंबऱ्यावर बसून लुगड्याचा काठ नीट करत म्हणाली. “मंग दुपारी कुठी जाशीन? इंद्रभान शेटच्या गोदामामागं? तथी आता क्यामेरा लावला त्यायनं. आपल्या दुकानावर बसल्या बसल्या पाह्यते म्हने टीवीत.”

जयमालेनं गिलास पालथा घातला आणि हात पुढे केला. गीताबाईनं त्यावर चिंचोका ठेवला. सुनेचा तळहात चुलीवरच्या तव्यासारखा लागला, ते तिला कळलं. पण बाजाराचा दिवस होता, आणि बाजाराच्या दिवशी अंगातला ताप बाईनं संध्याकाळपर्यंत लांबवायचा असतो, असंच तिला शिकवलं होतं.

सावळदरा हे मोताळ्याकडचं, घाटाखालचं गाव. गाव म्हटलेलं आता चालत नाही. सरकारनं त्याला शहर केलं. ग्रामपंचायतीची पाटी उतरली, नगरपंचायतीची चढली, घरपट्टी वाढली. बाकी बाजार तोच, चिखल तोच. एक मात्र बदललं. पूर्वी बाजाराच्या मागं जुन्या कोंडवाड्याची भिंत होती, भिंतीपलीकडे बाभळीचं रान होतं. अडीनडीला बाई तिकडे जाऊन यायची. शहर झालं तसं ते रान साफ झालं, तिथं गाळे आले, गोदामं आली. पुरुषांना काय, जिथं भिंत तिथं त्यांची सोय. बायांचा आडोसा गेला तो गेला, आणि त्याबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही. कारण काढायचा कसा, हेच बायांना ठाऊक नव्हतं. चारचौघांत तो विषय बोलणारी बाई वाईट चालीची.

अशात नगरपंचायतीला नवे मुख्याधिकारी साहेब आले. तरुण होते, पुण्याकडचे होते, मनातून भले होते. लोकांनी आपलं शहर आपण चालवावं असं त्यांना वाटे. त्यांनी मोबाईलवर एक सोय काढली, तिचं नाव ‘नगरसाद’. रस्त्यावर खड्डा आहे, दिवा बंद आहे, फोटो काढून टाका. आणि वर्षातून एकदा, शहराच्या निधीतून कोणतं काम आधी व्हावं, ते ज्यानं त्यानं आपल्या मोबाईलवरून सांगायचं. आपला नंबर घालायचा, नंबरवर आकडे येतात, ते आकडे भरले की आपलं मत पडलं. यंदा तीन कामं ठेवली होती: वेशीवर स्वागत कमान, तलावाच्या काठाला बाकडी, आणि आठवडी बाजारात महिलांसाठी स्वच्छतागृह.

बाजारातल्या भिंतीवर या तीन कामांची चित्रं लागली, तेव्हा बायांना आधी विश्वास बसेना. गीताबाई त्या दिवशी सुनेचं जेवण घेऊन बाजारात आली होती. तिच्या जागेशेजारी पालेभाजी घेऊन बसणारी जनकाबाई त्या चित्राकडे बराच वेळ पाहत राहिली.

“गीताबाई, हे तं मुतारीचं चित्र हाय वं.”

“हळू बोल न. गिऱ्हाईक उभं हाय.”

“गिऱ्हाईकाची माय काय मुतत नाही काय?”

गीताबाईनं तोंडाला पदर लावला, पण हसू दाबता आलं नाही. दोघींच्या पोतड्या इतकी वर्षं शेजारी होत्या, की एकीचा तराजू बिघडला तर दुसरीचा आपसूक इकडे यायचा. जनकाबाईचं घर बौद्धवाड्यात, गीताबाईचं पाटीलपुऱ्यात. घरी जाणं-येणं बेताचंच. पण रविवारी दोघींच्या गालात एकेक चिंचोका असायचा, आणि तो पहिल्यापासून गीताबाईच्या घरचा असायचा.

मग बाजारातल्या बायांत त्या न बांधलेल्या मुतारीवरून भांडणंही झाली. निंबाच्या झाडाखाली पाहिजे, का चावडीमागं. दार रस्त्याकडे नको. आतून कडी पाहिजे, दोरी नको. लग्न ठरलेल्या घरात साड्यांवरून व्हावा तसा तो कलकलाट.

मत पाडायला आला गीताबाईचाच मुलगा, जयमालेचा नवरा गोपाल. नगराध्यक्षा मयुरीताई, पण कारभार त्यांच्या यजमानांचा, अविनाशभाऊंचा. आणि गोपाल भाऊंचा उजवा हात. खुर्ची टाकून तो बाजारात बसला. बाया एकेक करून जात. बहुतेकींचे साधे बटनाचे फोन. गोपाल नंबर घाली, फोन वाजे, तो फोन हातात घेऊन आकडे वाची.

“काकू, झालं तुमचं. चाला पुढं.”

“मुतारीवर दाबलं न बाप्पा?”

“हो हो. दाबलं.”

गीताबाईनं तर आपला फोन त्याच्या हातात देऊन सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं होतं, “मुतारीवर दाब. सगळ्यात पह्यलं माहं.” तिचा मुलगा मोबाईलवर शहराचं काम करतो, याची तिला मोठी ऐट होती. जनकाबाईसुद्धा म्हणाली, “तुहा गोपाल हाय म्हनून दिला फोन. दुसऱ्याच्या हातात मी देत नसते.”

हे झालं महिन्यापूर्वीचं. आता या रविवारी निकाल.

दुपारी ऊन तापलं. गीताबाई जेवण घेऊन बाजारात आली, ती तिथंच टेकली. जयमाला गिऱ्हाईकाला मिरची तोलून देत होती. पण मापाकडे न पाहता कुठंतरी दूर पाहत होती. तेवढ्यात घंटागाडी आली. कचऱ्याच्या गाडीवरच्या भोंग्यातून रोज गाणं वाजायचं, आज माणसाचा आवाज आला.

“सावळदऱ्याच्या सर्व सुजाण नागरिकांचे हार्दिक अभिनंदन. ‘नगरसाद’वर आपण सर्वांनी बहुमताने निवडलेले काम आहे, भव्य स्वागत कमान. या मतदानात महिला भगिनींचा सहभाग सर्वाधिक राहिला आहे. माता-भगिनींचे विशेष आभार.”

गाडी पुढं गेली. जाता जाता तेच पुन्हा म्हणत गेली.

बायांनी एकमेकींकडे पाहिलं. आणि इथं एक गोष्ट झाली, जी बायांच्याच जातीत होते. कोणाच्याही मनात मोबाईलवाल्याचा संशय आला नाही. संशय आला तो शेजारणीचा.

“सगळ्या बायाईनं कमान मांगली म्हने,” कांद्यावाली म्हणाली. “तोंडावर मुतारी अन् मोबाईलमंदी कमान. शाब्बास.”

“माह्याकडं काऊन पाह्यते? मी तं मुतारीच सांगतली.”

“सगळ्याच मुतारी सांगतली म्हनतात. मंग कमान का भुतानं सांगतली?”

जनकाबाई कोणाशी भांडली नाही. गीताबाईकडे वळून इतकंच म्हणाली, “तुमच्या पाटीलपुऱ्यातून तं नाई न गेले कमानीले?”

इतक्या वर्षांत जनकाबाईच्या तोंडून ‘तुमच्या पाटीलपुऱ्यातून’ हा शब्द पहिल्यांदा आला होता. गीताबाईच्या कानशिलापर्यंत रक्त चढलं. ती खरमरीत काहीतरी सुनावणार होती. पण त्याच वेळी जयमाला मिरचीच्या ढिगावर आडवी झाली. तोल जाऊन पडली असं नाही. कोणी दमून गादीवर पडावं, तशी ती सावकाश त्या लाल ढिगावर पडली, आणि तिच्या तोंडातून चिंचोका निसटून पोत्यावर आला.

बुलढाण्याला न्यावं लागलं. जीप राजूर घाट चढताना जयमालेचं डोकं जनकाबाईच्या मांडीवर होतं. भाजी तशीच टाकून ती गाडीत चढली होती. गीताबाई समोर बसून सुनेचे पाय चोळत होती.  सुनेच्या पायांवर मिरचीचा खकाणा होता, गीताबाईच्या डोळ्यांना तो लागला, आणि ती डोळे पुसत राहिली. खकाण्यानंच, असं तिनं स्वतःला सांगितलं.

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी तपासलं, बाटली लावली, आणि दोघी म्हाताऱ्यांना बाहेर बोलावलं.

“लघवीतला संसर्ग मूत्रपिंडापर्यंत गेलाय. पहिल्यांदा नाही हे. ही पाणी पीत नाही का?”

दोघींनी एकमेकींकडे पाहिलं.

“दिवसदिवस रोखून धरते का?”

“बाजारात बसते,” गीताबाई म्हणाली. जणू त्यात सगळं आलं.

डॉक्टरीणबाईंना तेवढ्यात कळलं. असल्या बाया त्यांच्याकडे रोज येत असाव्यात. त्यांच्या आवाजात राग उरला नव्हता, नुसता थकवा होता. “आता वाचली. असंच चालू राहिलं तर एक मूत्रपिंड जाईल, मग दुसरं. पाणी प्यायला पाहिजे आणि वेळच्या वेळी जाता आलं पाहिजे. याला दुसरं औषध नाही, आजी.”

संध्याकाळी जयमालेचा ताप उतरला. गीताबाई खाटेशेजारी बसली होती, जनकाबाई खिडकीशी.

“आत्याबाई,” जयमाला म्हणाली, “जनकामावशीवर रागावू नका. कोनत्याच बाईनं कमान नाई मांगली.”

“तुले कसं ठाऊक?”

जयमाला बारावी शिकलेली. लग्न होऊन आली त्याच वर्षी तिनं आपल्या नावानं मोबाईलचं कार्ड घेतलं होतं. गोपालनं ते काढून स्वतःच्या फोनात दुसरं म्हणून घातलं. कार्ड बाईच्या नावाचं, फोन नवऱ्याच्या खिशात. पाटीलपुऱ्यात घरोघरी हीच रीत. बाईला फोन आला तर माणूस आधी बोलतो, मग वाटलं तर देतो.

“माहं मत त्यायच्याच फोनातून गेलं. मी पाह्यलं न. मी म्हनलं, मुतारी दाबा. त्यायनं माह्यासमोर कमान दाबली. म्हने, भाऊचा सांगावा हाय, भाऊच्या वडिलाच्या नावाची कमान व्हायची हाय. सगळ्याच बायाईचं तसंच केलं त्यायनं. तुमचं बी.”

“अन् तू महिनाभर गप?”

जयमालेनं सासूकडे पाहिलं. “कोनाले सांगू? तुमचेच लेक हायेत न ते.”

जनकाबाई खिडकीतून बाहेर पाहत म्हणाली, “तुहा गोपाल हाय म्हनून दिला व्हता फोन.” शब्द तेच होते, महिन्यापूर्वीचेच. आवाजही चढा नव्हता. गीताबाईला वाटलं, हिनं दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी गोपाल आला. हातात शहाळं, चेहऱ्यावर आनंद. बायकोला बरं आहे ऐकून तो सुटल्यासारखा झाला होता. मनानं वाईट नव्हताच तो. आईला बाहेर व्हरांड्यात नेऊन म्हणाला, “माय, शनवारी तुहा सत्कार हाय. शहरात सगळ्यात पह्यलं मत देल्लेली आजी. साहेब सोता शाल देनार हायेत. पेपरात फोटो येईन.”

गीताबाईनं विचारलं, “मी तुले काय दाबाले सांगतलं होतं?”

त्यानं शहाळं दुसऱ्या हातात घेतलं. “माय, ते राजकारन असते. मुतारी झाली असती तं दुकानदार बोंबलले असते, दारासमोर वास येते म्हनून. भाऊले तरास झाला असता.”

“मी काय सांगतलं होतं?”

“आता तूच तं म्हनत होती न, घराचं मत एकच असते. बायाईचं येगळं मत कायले पाह्यजे? बाबाच्या येळीही तू असंच म्हने.”

तो खोटं बोलत नव्हता. नवरा, उत्तमराव, असताना प्रत्येक निवडणुकीत गीताबाईनं हेच म्हटलं होतं, आणि अभिमानानं म्हटलं होतं. आळीतल्या लेकीसुनांना ती ते शिकवायची. आज तेच वाक्य मुलाच्या तोंडून ऐकताना तिला दुसऱ्याच कोणाचं वाटलं.  ती व्हरांड्याच्या कठड्याला धरून उभी राहिली.

“येईन म्हना,” ती शेवटी म्हणाली. “सत्काराले येईन.”

शनिवारी तिनं ठेवणीतलं जरीकाठाचं लुगडं नेसलं. नगरपंचायतीच्या सभागृहात पंखे फिरत होते, मागं मोठा फलक लावला होता. समोर बाजारातल्या बाया बोलावून बसवल्या होत्या. महिलांचा सहभाग दिसायला पाहिजे होता. जनकाबाई शेवटच्या रांगेत होती. व्यासपीठावर साहेब, अविनाशभाऊ, आणि दोघांच्या मध्ये डोक्यावर पदर घेऊन नगराध्यक्षा मयुरीताई.

साहेब बोलले, ते मनापासून बोलले. म्हणाले, हातातला मोबाईल हीच सामान्य माणसाची ताकद. म्हणाले, या शहरातल्या आयाबहिणींनी जिल्ह्याला दाखवून दिलं. मग गीताबाईचं नाव पुकारलं. टाळ्या झाल्या. गोपाल फोटो काढायला पुढे सरसावला.

मयुरीताईंनी शाल उलगडली. गीताबाईनं मान वाकवली नाही.

“थांबा, ताई,” ती म्हणाली. “साहेब, एक इचारू? तुमच्या मोबाईलमंदी माहं मत कशाले पडलं?”

साहेब हसले. “आजी, मत गुप्त असतं. आम्हालाही दिसत नाही. तुम्हालाच माहीत.”

“मले तं मुतारी माहीत हाय.”

सभागृहात कोणीतरी हसलं, मग हसणारा एकटाच पडला.

“मी मुतारी सांगतली. माह्या सुनेनं मुतारी सांगतली. थे जनकाबाई बसली, तिनं मुतारी सांगतली. इथं बसलेल्या एकाही बाईनं कमान सांगतली असन तं तिनं हात वर करावा.”

कोणाचा हात वर गेला नाही. बाया एकमेकींकडे पाहू लागल्या, आणि आठवडाभराची अढी त्या पाहण्यातच सुटत गेली.

“माय, खाली ये,” गोपाल दबक्या आवाजात म्हणाला.

“आजी,” साहेबांचा चेहरा उतरला होता, “प्रत्येक महिलेच्या नंबरवर आकडे गेले होते. ते भरल्याशिवाय मत पडतच नाही. यंत्रणा चूक करू शकत नाही.”

“तुमचं यंत्र खोटं कुठी बोललं, साहेब. त्यानं नंबर मांगला, नंबर भेटला. बाई कुठी इचारली त्यानं? फोन माह्या पोराच्या हातात व्हता, बोट त्याचं व्हतं. ह्या गावात बाईचा नंबर बाईजोळ नसते. थो नवऱ्याच्या खिशात असते, लेकाच्या खिशात असते. तुमी म्हनता आयाबहिनी पुढं आल्या. आमी तं बाजारात तोंडात चिंचोके धरून बसलो व्हतो.”

अविनाशभाऊ उठले. “गीताकाकू, वयानं गैरसमज होतो. सूनबाई आजारी आहेत, त्यांच्या मनावर ताण आहे. ताईंच्या मते—”

“ताईच्या मते काय ते ताईले बोलू द्या न, भाऊ.” गीताबाई मयुरीताईंकडे वळली. शाल अजून त्यांच्या दोन्ही हातांत पसरलेली होती. “ताई, तुमी बाजारात कधी काऊन दिसत नाही?”

मयुरीताईंनी नवऱ्याकडे पाहिलं, मग पाहणं अर्ध्यात सोडलं. आवाज इतका लहान होता, की पुढच्या रांगेलाच ऐकू गेला. “तिकडं सोय नाही म्हणून.” मग जरा मोठ्यानं, “इथं ऑफिसात बायांचं आहे. बांधलं तेव्हापासून कुलूप आहे. चावी माझ्या टेबलाच्या खणात आहे.”

“मंग आना.”

 मयुरीताईंनी शाल घडी घालून खुर्चीवर ठेवली, आत गेल्या आणि चावी घेऊन आल्या. अविनाशभाऊ पुन्हा खुर्चीत बसले. 

गीताबाईनं चावी घेतली, शाल घेतली नाही. “शाल राहू द्या. माह्या सुनेची तब्येत झाकाले थे पुरत नाई.”

साहेबांना तिनं एकच मागितलं, मत पुन्हा घ्या, बाजारात, बाईच्या बोटानं. साहेब खाली पाहत म्हणाले की, एकदा लागलेला निकाल फिरवायची तरतूद नाही; वर लिहून पाहतो. गीताबाईनं मान हलवली. ‘वर लिहून पाहतो’ या शब्दाचं वजन इतक्या वर्षांच्या तराजूला बरोबर ठाऊक होतं.

त्या दिवशी जेवताना तिनं गोपालच्या ताटासमोर हात पसरला.

“काय?”

“तिचं कार्ड. काढ.”

“माय, त्याच्यावर बँकेचे निरोप येतात, गॅसचे येतात—”

“येऊ दे. वाचता येते तिले.”

तिनं हात मागं घेतला नाही. भाजी निवली. गोपालनं शेवटी फोन उघडून ते नखाएवढं कार्ड काढलं आणि आईच्या तळहातावर ठेवलं. एवढीशी वस्तू. चिंचोक्यापेक्षाही लहान.

गोष्ट इथं संपली असती तर लिहिणाऱ्यालाही बरं वाटलं असतं आणि वाचणाऱ्यालाही. पण दसऱ्याच्या आधीच वेशीवर कमानीचे खड्डे खणले गेले, दिवाळीत खांब उभे राहिले, आणि पुढं तिच्यावर अविनाशभाऊंच्या वडिलांचं नाव सोनेरी अक्षरांत लागलं. साहेबांची बदली झाली. वर लिहिलेल्याचं खाली काही आलं नाही.

जयमाला बरी होऊन पहिल्यांदा बाजाराला निघाली, तेव्हा सवयीनं तिनं हात पुढं केला. देवळीतली वाटी रिकामी होती. गीताबाईनं तिच्या हातात काठोकाठ भरलेला तांब्या दिला आणि ती तो पूर्ण संपवीपर्यंत उंबऱ्यात उभी राहिली. स्वतःही गेली बाजारात, गुडघे धरत. गीताबाईच्या आणि जनकाबाईच्या पोतड्यांच्या मधोमध आता पाण्याचा माठ असतो. पहिल्या रविवारी तो तिथं गोपालनं आणून ठेवला. ठेवला आणि कोणाकडे न पाहता निघून गेला.

बाया पाणी पितात. आणि लागली, की गिऱ्हाईक सोडून उठतात, दोघी-तिघी मिळून भर बाजारातून, त्या सोनेरी कमानीखालून, नगरपंचायतीत जातात. रविवारी कचेरी बंद असली, तरी बायांचं मागच्या अंगणात आहे, आणि त्याची चावी गीताबाईच्या कमरेला असते. पायी जाणं लांब पडतं, उन्हाचं नको होतं, म्हाताऱ्यांना तर फार. लोक पाहतात. पहिल्या-पहिल्यांदा हसायचे, आता हसायचाही कंटाळा आला त्यांना.

दर रविवारी तिथून परतल्यावर जयमाला मिरचीच्या पैशांतून घेतलेल्या आपल्या फोनवर ‘नगरसाद’ उघडते. निंबाच्या झाडाखालच्या मोकळ्या जागेचा फोटो काढते आणि खाली लिहिते, इथं बायांसाठी मुतारी पाहिजे. मग जनकाबाई आपला फोन पुढं करते, मग कांद्यावाली. आकडे येतात ते जयमाला मोठ्यानं वाचते, पण दाबत नाही. जिचा नंबर तिनंच ते जयमालेच्या फोनवर दाबायचे, चुकतमाकत का होईना.

परवाच्या रविवारी सगळ्यांच्या फोनवर एकदमच निरोप आला. जयमालेनं वाचून दाखवला: “आपली तक्रार निकाली काढण्यात आली आहे. सहकार्याबद्दल धन्यवाद.”

निंबाखाली पाहिलं, तर एक कुत्रं झोपलं होतं.

जनकाबाईनं भाजीवर पाणी शिंपडणं थांबवलं. “निकाली काढली म्हने. आता?”

गीताबाई नुकतीच तांब्याभर पाणी प्यायली होती. तिनं लुगड्याच्या पदरानं तोंड पुसलं, कमरेची चावी चाचपली, आणि गुडघ्यावर हात देऊन उठू लागली.

“कोनाची तक्रार निकाली निंघाली कोन जाने, माही तं पोटात तसीच हाय,” ती म्हणाली. “जयमाले, मी जाऊन येते. तवर पुन्हा दाबा सगळ्या.”